चव्वेचाळीस मिलिमीटर

सोम. ८ जाने. १९७९, सांगली

आज राग आला आणि मी गप्प बसले. हे आधी लिहून ठेवते, बाकीचं नंतर.

मंगल खरात, वय अकरा, दहिवडीच्या पलीकडच्या एका वाडीची. वजन वीस किलो. गेल्या उन्हाळ्यात ताप, गुडघे-घोटे सुजले. दिवाळीआधी माझ्याकडे आली तेव्हा छातीत आवाज ऐकू आला. डावी झडप गळते, हे माझं मत. तेव्हापासून, तो ताप उलटून झडप आणखी बिघडू नये म्हणून, दर तीन आठवड्यांनी पेनिसिलीनचं इंजे. चालू होतं. सुई दिसली की पोर आईचा पदर दातात धरते, पण एकदाही चुकली नाही.

आज तिला हृदय बघायच्या नव्या इको मशीनवर घेतलं. मशीन येऊन दोन महिने झाले तरी दवाखान्यात अजून त्याची आरतीच चालू आहे. शिंद्यांनी ठोक्यांची कागदी पट्टी काढली. (शिंदे फौजेत एक्स-रे काढायचे, आता आमच्याकडे.) मी कर्कटक लावून मोजलं. हृदयाचा डावा कप्पा पूर्ण भरलेला असताना ४४ मि.मी.

मोठे सर आले. दवाखाना त्यांचा, शब्दही त्यांचाच शेवटचा. मशीनच्या अंगावर एक परदेशी तक्ता चिकटवलाय, वयाप्रमाणे. त्यावर त्यांनी बोट फिरवलं. "अकरा वर्षं. चव्वेचाळीस. आत बसतंय की. आवाज निरुपद्रवी आहे. इंजेक्शन बंद करा."

म्हटलं, सर, तिकडची अकरा वर्षांची मुलगी हिच्या जवळजवळ दुप्पट वजनाची असेल.

"यंत्र वजन विचारत नाही, बाई."

शिकाऊ डॉक्टर हसले. कागदावर 'हृदय प्राकृत', म्हणजे निरोगी, असं लिहिलं गेलं. सरांची सही. खाली उपचार करणाऱ्या डॉक्टरची सही लागते. केली.

द्रुपदा, मंगलची आई, पाया पडायला वाकली. "लय उपकार झालं. तालुक्याला ही सुई मिळत न्हाई. हितवर यायचं म्हंजी दोन दीस मोडत्यात."

तिला खांद्याला धरून उठवलं.


बुध. १० जाने.

मशीनबरोबर आलेलं पुस्तक घरी आणलं. तक्त्याखाली बारीक अक्षरात एक ओळ: निरोगी मुलं, तिकडच्या एका शहरातली. बस. ती काय खात होती, किती उंच होती, काही नाही.

म्हणजे कुठल्याशा थंड गावातली दूध पिऊन वाढलेली पोरं एका दुपारी पलंगावर झोपली, आणि माण तालुक्यातली मंगल त्यांच्या मापात बसली.

वजनाप्रमाणे बघावं म्हटलं तर तिकडे वीस किलोचं मूल सहा वर्षांचं, गुबगुबीत. मंगल अकराची, लांब हाडांची, काटकुळी. दोघींचं हृदय सारखं असेल? मला तरी काय माहीत. ४४ तिला जास्तच आहे असं छातीठोक सांगायला माझ्याकडेही आधार नाही. कान सांगतो, झडप गळते. पण कानाला आता कोण विचारतं.

इथल्या धडधाकट मुलांची मापं घ्यायला हवीत. दुसरा मार्ग दिसत नाही.


सोम. १५ जाने.

मोठ्या सरांना विचारलं. उभ्यानंच बोलले.

"रोगी सोडून निरोगी मुलं तपासायची? इथं काय शाळेची जत्रा भरवायची आहे?"

म्हटलं, आपल्या मुलांचा तक्ता कुणीतरी करायलाच हवा.

"प्रमाणं आपण ठरवत नसतो. आपण वापरतो."

हे वाक्य ते इतक्या शांतपणे बोलले की मी जायला निघाले. दारापाशी पोचल्यावर सुचलं, मग ठरवतं कोण? तेवढ्यात सरच म्हणाले, बरं, गुरुवारी दुपारी बाह्यरुग्ण विभाग बंद असतो तेव्हा घ्या. पट्टीचा जास्तीचा कागद मिळणार नाही. आहे तो संपला की बंद.

उपकार केल्यासारखं. वर मी 'थँक्यू' म्हणाले. त्या थँक्यूचीच चीड येतेय.


गुरु. २५ जाने.

तासगावजवळच्या एका गावची शाळा. हेडमास्तर पाटोळे गुरुजी भला माणूस. मुलांना सांगलीला न्यायला जीपसुद्धा ठरवून ठेवली होती. मी पोचले तर वर्ग ओस. जीप फाट्यावर दिसल्याबरोबर आयाबाया पोरं ओढून घेऊन गेलेल्या.

पारावर एक म्हातारे बसले होते, फेटा बांधलेले. "बाई, गाडीत पोरं भरून न्ह्यायची म्हंजी काय इचार हाय तुमचा?"

सांगितलं. हृदयाचं माप घ्यायचं, सुई नाही, औषध नाही.

"आमच्या गड्यांस्नी बी आसंच सांगितलं हुतं. तपासनी हाय म्हनून न्हेलं आन् कापूनच धाडलं. दोन वर्स बी झाली न्हाईत."

आधी चिडले यांच्यावरच. एवढी पायपीट करून मी यांच्याच पोरांसाठी आले, आणि मलाच कसाई ठरवतात. मग त्यांच्या शेजारी बसलेला माणूस बघितला. चाळिशीचा असेल, मान खाली. माझी चीड तिथंच दुसरीकडे वळली. सरकारी गाडीत भरून नसबंदीला नेलेल्या माणसानं दवाखान्याची गाडी बघून पोरं लपवली तर चुकलं कुठं?

म्हाताऱ्यांनी विचारलं, कुठल्या तुमी. म्हटलं, रहिमतपूरची, आतारांची.

"अत्तर, कुंकू, दोरं घिऊन जत्रंला यायचा, त्यो आतार?"

"माझे अब्बा."

"त्यो मापात मारत न्हवता," म्हणाले. बस, एवढंच. पण तेवढ्यावर चार बायका जवळ आल्या. त्यातली हिराबाई, बेदाण्याच्या शेडवर काम करते, आडदांड बाई. म्हणाली, "आदी माज्या छातीला लावा. म्या परत आली तर पोरं धाडू."


शनि. २७ जाने.

हिराबाई आणि ते पारावरचे म्हातारे आले. सर बाहेरगावी, बरं झालं. हिराबाई पलंगावर झोपली, शिंद्यांना बाहेर काढलं, मीच छातीवर तेल लावून मशीनची पेन्सिलीसारखी दांडी टेकवली. पडद्यावर हिरवी रेघ हलायला लागली. मी झडप दाखवली, उघडते, मिटते.

तिनं मान उचलून रेघेकडे बोट केलं. "ह्ये सारकं चालूच आसतं व्हय? म्या झोपल्यावर बी?"

हो म्हटलं.

"आन् मालक म्हनतो म्या बसूनच आसती."

खूप दिवसांनी हसले.


गुरु. १ फेब्रु.

नऊ मुलं आली. वजन, उंची, नाडी, छाती ऐकायची, मग पट्टी. शंका आली ते मूल मोजणीतून बाहेर. एकीच्या छातीत आवाज निघाला, तिला वेगळी तपासायला बोलावलंय.

शिंदे प्रत्येक पट्टीवर तारीख आणि नाव घालतात. फौजी शिस्त. कागद वाचावा म्हणून मशीन नेमकं तीन ठोके चालवून थांबवतात, त्यासाठी आठवडाभर सराव केला म्हणे. माझ्याशिवाय दवाखान्यात या कामाला काम समजणारा तो एकच माणूस.


गुरु. १५ फेब्रु.

आलेखाच्या कागदावर ठिपके. आडवं वजन, उभं माप. मुलं अजून मूठभरच. पण ठिपके काहीतरी बोलायला लागलेत. आपली दहा-अकरा वर्षांची मुलं परदेशी तक्त्याच्या तळाशी, बरीचशी तर खालच्या रेघेच्याही खाली. त्या तक्त्याप्रमाणे ही अख्खी शाळा 'लहान हृदयाची'.

आणि याच हिशेबानं, ज्याचं हृदय रोगानं फुगलंय ते आपलं मूल तक्त्याच्या बरोब्बर मधोमध येऊन बसतं. निरोगी म्हणून.


गुरु. २२ फेब्रु.

वीस किलोच्या आसपासची पुरेशी मुलं झाली. एकाचंही माप चाळिशीच्या वर नाही.

मंगल ४४.

आजच द्रुपदाला पत्र टाकलं. ताबडतोब या, इंजे. पुन्हा सुरू करायचं आहे. तिला वाचता येत नाही. कुणीतरी वाचून दाखवेल.


गुरु. १ मार्च

पत्राला उत्तर नाही. आज मुलं मोजताना दोनदा आकडा चुकीचा लिहिला. शिंद्यांनी गुपचूप खोडून दिला.


रवि. ४ मार्च

स्वतःच गेले. पहाटेची यष्टी, दहिवडीला बदलून पुढे, मग दोन मैल चालत. द्रुपदा रोजगार हमीच्या कामावर, नाल्याच्या बांधावर माती टाकत होती. बायकांच्या रांगेतून डोक्यावरची पाटी न उतरवता मला बघत राहिली.

मंगल घरात नाही. चुलता कऱ्हाडकडच्या उसाच्या रानांत खतासाठी मेंढरं बसवायला गेलाय, त्याच्याबरोबर. चांगली झाली म्हणून धाडली.

म्हटलं, पत्र मिळालं नाही?

"मिळालं. मास्तरनं वाचलं. पर तुमीच म्हनला न्हवं, प्वार चांगली हाय म्हनून? कागुद हाय माज्यापाशी."

पाटी ठेवली, कमरेची पिशवी सोडली. प्लास्टिकच्या कागदात घडी घालून ठेवलेला. दोन सह्या. दुसरीवर तिनं बोट ठेवलं नाही, वाचताच येत नाही तिला. मीच बघितली.

म्हटलं, तो कागद चुकलाय. मंगलला घेऊन या.

ती म्हणाली, "दोन कागुद झालं आता. कुठला खरा मानू?"

मुकादम ओरडला. तिनं पाटी उचलली. चुलत्याला निरोप धाडते म्हणाली.

परतीच्या यष्टीत खिडकीशी बसून दात आवळले, जबडा अजून दुखतोय. राग कुणावर? सरांवर, हो. पण सरांनी माझा हात धरून सही करून घेतली नव्हती.


मंगळ. ६ मार्च

सरांना कळलं. मीच सांगितलं.

"रोग्याच्या घरी जाऊन दवाखान्याचा कागद चुकला म्हणून सांगता? दवाखान्याच्या अब्रूचा काही विचार?"

म्हटलं, मुलीचा विचार केला.

"आतार, तुमची हुशारी मला मान्य आहे. पण तुम्हाला घाई फार."

घाई. दोन महिने पोर इंजेक्शनाशिवाय आहे.


गुरु. १५ मार्च

आज मापाचा दिवस. बाकावर तासगावकडची सात मुलं, गळ्यात वजनाच्या चिठ्ठ्या, शेंगदाणे खात बसलेली. त्यांच्यासमोरून चुलत्यानं मंगलला पाठकुळी आणलं. मागं द्रुपदा.

धाप. ताप. ओठ निळसर, पाय सुजलेले. झोपवलं की जीव घाबरा होतो, म्हणून उशाला तीन उशा. पंधरा दिवसांपूर्वी घसा धरला होता, चुलता म्हणतो, हळद-दूध दिलं. मग पुन्हा गुडघे सुजले.

त्या सात मुलांना परत पाठवलं. एकीनं विचारलं, "बाई, हिचं बी माप घ्यायचं का?"

घेतलं. ५१.


शुक्र. १६ मार्च

धाप थोडी कमी. लघवी मोकळी झाली. ताप आहेच.

द्रुपदा खाटेखाली बसून असते. सकाळी तिच्याशेजारी जमिनीवर बसले आणि सांगितलं. जानेवारीत चूक झाली. तक्ता आपल्या मुलांचा नव्हता. मला तेव्हाही शंका होती, तरी मी सही केली.

ती माझ्याकडे न बघता मंगलच्या पायाची सूज बोटानं दाबून बघत होती. खळगा पडतो, हळूहळू भरतो.

"शंका हुती?"

हो.

"मंग सही कशापायी केली?"

सर होते म्हणून, असं तोंडापर्यंत आलं. बोलले नाही. ते खरं होतं आणि तिच्या काही उपयोगाचं नव्हतं.

नंतर तिनं माझ्या हातचं पाणी घेतलं नाही. सिस्टरकडे मागितलं.


शनि. १७ मार्च

सरांच्या टेबलावर दोन्ही पट्ट्या ठेवल्या. जानेवारीची आणि परवाची. शेजारी माझा आलेख.

"तेव्हा नव्हतं, आता झालंय," म्हणाले. "रोग वाढतो, बाई. यात नवल काय?"

म्हटलं, तेव्हाही होतं. हे बघा आपल्या मुलांचे ठिपके.

चष्मा काढून, कागद जवळ धरून खूप वेळ बघितलं त्यांनी. मला वाटलं, आता. मग म्हणाले, "मुलं किती? दोन शाळाही नाहीत. सगळी एका गावची. मोजणारी एकटी तुम्ही. दुसऱ्या कुणी पुन्हा मोजून पाहिलंय? एवढ्यावर तक्ता होत नाही."

संताप याचा की यातला प्रत्येक शब्द बरोबर आहे. हेच प्रश्न परदेशी तक्त्याला मात्र कुणी विचारले नाहीत. तो छापलेला होता. गुळगुळीत कागदावर.

बाहेर पडताना म्हणाले, "मुलीला सगळी औषधं दवाखान्यातली द्या." आवाज नेहमीपेक्षा बारीक. त्यांना झोप लागली नसावी असा चेहरा. मला दया आली नाही. यायला हवी होती का, ठाऊक नाही.


गुरु. २२ मार्च

मशीनवरचा तक्ता खरवडून काढला. ब्लेडनं. कोपरे निघेनात. शिंद्यांनी स्पिरिटचा बोळा पुढे केला आणि खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. "डॉक्टरसाब, मैंने कुछ देखा नहीं."

म्हटलं, विचारलं तर खरं सांगा.

"विचारलं तर सांगीन, बोळा मीच दिला."


शनि. २४ मार्च

लेखी समज मिळाली. दवाखान्याच्या मालमत्तेची नासधूस. तक्त्याची दुसरी प्रत कपाटात होतीच, सकाळी चिकटवून झाली. गुरुवारची मापं बंद. उरलेला कागद कुलपात.

पण एक झालं. नव्या प्रतीखाली सरांच्या अक्षरात एक ओळ: 'वजन पाहूनच निष्कर्ष काढावा.' सही नाही. कुणी विचारलं तर ते कबूल करतील असं वाटत नाही.

एका ओळीवर माझं समाधान होणार नाही. झालंही नाही.


गुरु. ५ एप्रि.

मंगलला घरी सोडलं. धाप नाही, सूज नाही. झडप मात्र आता चांगलीच गळते. पुढे कधीतरी मुंबईला शस्त्रक्रिया लागेल, कदाचित. दर तीन आठवड्यांनी इंजे., वयात येऊन पार बाई होईपर्यंत. दहिवडीच्या डॉक्टरला भेटून पेनिसिलीन तिथंच ठेवायची सोय केली, आता त्यांना सांगलीला यायला नको.

द्रुपदानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "सुई तालुक्याला घिऊ. पर मशीनीवर तुमीच बघायचं. दुसऱ्यानं न्हाई."

विश्वास म्हणून बोलली नसणार. चूक जिनं केली तिनंच निस्तरायची, असा तिचा न्याय असावा. मला मान्य.


सोम. १६ एप्रि.

पाटोळे गुरुजींचं पत्र. गुरुवार का बंद झाले, मुलं विचारतात. हिराबाईनं शेडवरच्या बायकांची पोरं जमवून ठेवलीत. त्यांना काय कळवू? पुण्याच्या एका मास्तरांना, माझ्या शिक्षकांना, आलेखाची नक्कल पाठवली आहे. उत्तर नाही. मिरजेच्या एका मैत्रिणीनं पट्ट्या पुन्हा मोजून द्यायचं कबूल केलं. तिची आणि माझी मापं जुळली तर एक प्रश्न तरी सुटेल. न जुळली तर तेही कळायला हवं.


गुरु. २६ एप्रि.

द्रुपदा आली. मंगल बरी, गालावर थोडं मांस. पण आज ती मंगलसाठी आली नव्हती. बरोबर धाकटी, सुनंदा. वय सात. वजन चौदा.

"हिचं बी गुडघं दुकत्यात म्हनती. कवा कवा. हिचं माप घ्या."

ताप नाही. सूज नाही. छाती दोन्ही कानांनी, बसवून, कुशीवर वळवून ऐकली. आवाज असल्यासारखा वाटतो, पुन्हा ऐकलं की नसल्यासारखा. सरांकडे जाऊन कागद मागितला. त्यांनी किल्ली काढून दिली. पुठ्ठ्याच्या नळीला थोडासाच गुंडाळलेला उरला होता. शिंद्यांनी तीन ठोके घेतले.

३६.

परदेशी तक्त्यात आरामात बसतं. तो बघितलाच नाही. माझा आलेख उघडला. चौदा किलोपाशी माझे दोनच ठिपके. एवढी हलकी पोरं शाळेत येतच नाहीत, ती घरी धाकटी भावंडं सांभाळतात. सुनंदाही शाळेत नाही. ३६ त्या दोन ठिपक्यांच्या जरा वर. जरा म्हणजे रोग, की जरा म्हणजे सुनंदा?

इंजे. सुरू करायचं म्हणजे वर्षानुवर्षं दर तीन आठवड्यांनी सुई. नाही केलं आणि चुकले तर दुसरी मंगल.

द्रुपदा माझ्या तोंडाकडे बघत होती. सुनंदा छातीवरचं तेल पोलक्याला पुसत होती.

म्हटलं, मला माहीत नाही.

द्रुपदा चिडली नाही. तिनं मशीनकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"मंग कुनाला म्हाईत हाय?"

आज पहिलं इंजे. दिलं. पंधरा दिवसांनी पुन्हा छाती ऐकायला बोलावलंय.